मासा धरायला माशी: ठाण्यातल्या वन बीएचकेत ट्राउटच्या फ्लाय कशा बांधायच्या

आधीच क्लिअर करतो, ठाण्यात ट्राउट नाही. मासुंदा तलावात नाही, उपवनला नाही, येऊरच्या ओढ्यात नाही आणि खाडीत तर विषयच सोडा. ट्राउटला साधारण १० ते १६ डिग्रीचं पाणी मानवतं, २० च्या वर गेलं की त्याला दम लागायला लागतो, आणि आपल्याकडे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी जानेवारीतसुद्धा त्याहून कोमट असतं. मी मासे धरायला जातो ते हिमाचलात, तीर्थन नदीवर, वर्षातून एकदा, बॉसचा मूड बरा असेल तर दोनदा. इथून दिल्ली ट्रेनने, दिल्लीहून मनालीची रात्रीची बस, पहाटे औटला डोळे चोळत उतरायचं, मग बंजार, मग गुशैनी, आणि तिथून नदीच्या काठाकाठाने पायी जितकं वर जाता येईल तितकं. चार दिवस नदी, बाकीचं वर्ष वर्तकनगर. त्या बाकीच्या वर्षात काय करायचं तर फ्लाय बांधायच्या.

फ्लाय म्हणजे गळावर दोऱ्याने पिसं, लोकर, तार वगैरे बांधून केलेला खोटा किडा. कोकणात गरवायला गेलेल्यांना गांडूळ नाहीतर कोलंबी लावायची सवय असते, इथे आमिष खायचं नसतंच, फक्त दिसायचं असतं. बायको म्हणते मासा धरायला माशी, यात कौतुक काय. आहे, कौतुक आहे. आपल्याकडच्या पहाडी नद्यांतला ब्राउन ट्राउट हा मुळात इंग्रजांनी आणलेला, १९०० साली स्कॉटलंडहून आलेली अंडी काश्मीरमध्ये जगली आणि १९०९ च्या सुमारास कुल्लूकडे तो पोचला, त्यामुळे इंग्लंड-स्कॉटलंडात शंभर-दीडशे वर्षं जे नमुने चालत आलेत ते इथेही चालतात, आणि ते बांधायला लागणारं बरंचसं सामान जांभळी नाक्यापासून वागळे इस्टेटपर्यंत पसरलेलं आहे, फक्त त्या नजरेने बघायला लागतं.

पहिल्या ट्रिपला मी पन्नास फ्लायचं एक स्वस्त पाकीट ऑनलाइन मागवलं होतं, एक मासा लागला की पीस सुटून लोंबायला लागायचं. शिवाय आठ-दहा स्वतः बांधलेल्या होत्या, त्यांचा मला फार अभिमान होता. सकाळी साडेसहाला बर्फासारख्या पाण्यात उभा, बोटं बधिर, आणि दोर ओवायला गेलो तर गळाचा डोळाच दिसेना. दोरा, पिसं, नेलपॉलिश सगळं मी डोळ्यावर आणून कोंबलेलं. बरोबरचा गाइड शांतपणे म्हणाला, साहब मक्खी तो बढ़िया है, धागा कहाँ डालोगे? दहातल्या सात फ्लाय तशाच निघाल्या. म्हणून या सगळ्या लेखात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा, डोळ्यामागे जागा सोडा. तुम्हाला वाटते त्याच्या दुप्पट सोडा. खाली मी हे अजून तीनचारदा बोलणार आहे, कंटाळा आला तरी चालेल.

आता हत्यारं. मी टूलरूममध्ये काम करतो त्यामुळे वाईसच्या (गळ धरून ठेवायच्या शिकंज्याच्या) बाबतीत माझं जरा नाक वर असतं, पण खरं सांगतो, सुरुवातीला साधा, टेबलाला स्क्रूने आवळायचा फ्लाय टाइंग वाईस पुरतो. गंमत म्हणजे अमेरिकेत नवशिक्यांच्या किटमध्ये जे स्वस्त वाईस येतात ते बऱ्याचदा आपल्याकडेच बनलेले असतात. बघायचं एवढंच की १४ नंबरचा गळ धरून वर अंगठ्याने दाबला तर दांडी थोडी स्प्रिंगसारखी वाकून परत यायला पाहिजे, गळ जबड्यात फिरायला नको. फिरत असेल तर जबडे बारीक पॉलिश पेपरने एकदा सपाट करून घ्या. गळ वाईसमध्ये धरताना वळणाच्या खालच्या भागाला धरायचा, टोक जबड्यात लपवायला जाऊ नका, टोक मोडतं.

बॉबिन होल्डर मात्र चांगला घ्या. शिलाई मशीनची बॉबिन नाही हां, हा एक वायरचा चिमटा असतो, त्यात दोऱ्याचं रीळ अडकतं आणि पुढे एक नळी असते, दोरा त्यातून येतो आणि होल्डर लोंबकळत राहिला की त्याच्या वजनाने दोऱ्याला ताण राहतो. नळी सिरॅमिकची घ्या. लोखंडी नळीच्या तोंडाला बारीक बर (कापताना राहिलेली धारदार कड) असते ती दोरा कापते, आणि तुम्ही आठवडाभर स्वतःला शिव्या देत बसता की माझाच हात जड आहे. कात्री टोकदार हवी, छोटी, आणि ती घरात दुसऱ्या कुणाला द्यायची नाही, तार कापायला जुनी वेगळी ठेवा. पीस धरायला हॅकल प्लायर मिळतो, मी मात्र इलेक्ट्रिकलच्या दुकानातली छोटी क्रोकोडाइल क्लिप घेऊन तिच्या दातांवर हीट श्रिंकचा (तापवली की आवळणाऱ्या नळीचा) तुकडा चढवलाय, तो बेस्ट चालतो, दात उघडे ठेवलेत तर पीस तुटेल. गोधडीची सुई लाकडी काडीत ठोकून बसवली की बॉडकिन, म्हणजे थेंब लावायची आणि डोळा मोकळा करायची सुई, झालं. आणि रिकाम्या बॉलपेनची पुढची निमुळती नळी फेकू नका, तिचं काम शेवटी येतं.

दोऱ्याची गोष्ट जरा नीट ऐका कारण इथे सगळे चुकतात. घरातला शिलाईचा पॉलिस्टर दोरा साधारण अडीचशे डेनियरच्या आसपास असतो. फ्लायचा दोरा ७० डेनियर. डेनियर म्हणजे ९००० मीटर दोऱ्याचं ग्रॅममधलं वजन, म्हणजे आपला शिलाईचा दोरा वजनाला तिपटीहून जास्त आणि जाडीला जवळजवळ दुप्पट झाला. १४ नंबरच्या गळाची दांडी जेमतेम सेंटिमीटरभर, तिच्यावर तो दोरा म्हणजे उंदराला घोंगडी. ७० डेनियरची दोन रिळं मागवा, एक काळं एक ब्राउन, वर्ष जाईल. तोपर्यंत हात बसवायचा असेल तर शिलाईचा दोरा आणि ८ नंबरचा मोठा गळ घेऊन प्रॅक्टिस करा, ते चालतं.

गळाचे नंबर उलटे असतात, आकडा मोठा तर गळ छोटा. ८ मोठा, १२ मधला, १४ छोटा, १६ म्हणजे चष्मा लावा. कोळीवाड्याजवळच्या दुकानात जे १/०, २/० वगैरे मिळतात ते समुद्राचे, तिथून पुढे आकडा वाढला की गळही वाढतो, ते आपल्या कामाचे नाहीत, शिवाय त्यातले बरेच एका बाजूला तिरके वळवलेले असतात. ट्राउटसाठी सरळ गळ घ्या. बुडणाऱ्या फ्लायला जाड तारेचा, तरंगणाऱ्याला बारीक तारेचा. आणि उलटा काटा बांधायच्या आधीच चपट्या पकडीने दाबून टाका. मासा सोडायला सोपं, स्वतःच्या कानातून काढायलाही सोपं, आणि दाबताना गळ मोडायचाच असेल तर रिकामा मोडलेला बरा, अर्धा तास खपून बांधलेली फ्लाय मोडली की जेवण जात नाही.

सामानाचं बघू. मोरपीस पहिलं. देवळाबाहेर, जत्रेत, पूजेच्या दुकानात मिळतं. एका पिसाच्या दांड्याला जे लांब लांब हिरवट ब्राँझ तंतू असतात ते आपल्याला हवेत, एका पिसात चाळीसपन्नास फ्लाय आरामात होतात. मोर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शेड्यूल एकमधला पक्षी, गळून पडलेलं पीस देशात विकायला-ठेवायला सूट आहे पण बाहेर पाठवता येत नाही, त्यामुळे अमेरिकेतल्या भाच्याला हौसेने मोरपिसाच्या फ्लाय पार्सल करायच्या फंदात पडू नका. बाकी कुठल्याही रानपक्ष्याचं पीस उचलू नका, ऐरोलीला फ्लेमिंगोचं गुलाबी पीस दिसलं तरी नाही, आणि हरणाचे केस तर अजिबात नाही. तिकडचे लोक एल्क नावाच्या प्राण्याचे केस वापरतात, त्याला पर्याय पुढे सांगतो.

कोंबडीची पिसं हा खरा खजिना. पण ब्रॉयलरची नाही, ती पांढरी, आखूड, लिबलिबीत असतात. गावठी हवी. आणि गावठीचा सीझन कधी, तर गटारी. आषाढ संपता संपता चिकनवाल्याकडे जी गर्दी होते तेव्हा त्याला आधीच सांगून ठेवा की दादा एक लाल-तांबड्या कोंबड्याची आणि एक तपकिरी कोंबडीची मानेची कातडी पिसांसकट बाजूला ठेव. तो तुमच्याकडे विचित्र नजरेने बघेल, मला तर त्याने सरळ विचारलं होतं की हे अमावस्येसाठी आहे का. कोंबड्याच्या मानेची पिसं कडक आणि चकचकीत, ती पाण्यावर उभी राहतात म्हणून तरंगणाऱ्या फ्लायला. कोंबडीची मऊ, ती पाण्यात हलतात म्हणून बुडणाऱ्याला. हा फरक समजला की अर्धं काम झालं. आतल्या बाजूची चरबी चमच्याने खरवडून काढा, शॅम्पूच्या कोमट पाण्यात दोनदा धुवा, पेपरात दाबून वाळवा, आतून बोरॅक्स चोळा, झिपलॉकमध्ये घालून काही दिवस फ्रीझरमध्ये टाका म्हणजे किड्यांची अंडी मरतात. हे सगळं श्रावण लागायच्या आत उरका. आमच्याकडे आई श्रावणात फ्रीझर उघडते आणि मग घरात जे होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तांब्याची तार वागळे इस्टेटला कुठल्याही मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे, ३८ गेज, म्हणजे साधारण ०.१५ मिलिमीटर. तो मूठभर तुकडे असेच देतो, पैसे घेत नाही. फ्रँक सॉयर म्हणून इंग्लंडमध्ये एव्हन नदीचा राखणदार होता, फेझंट पक्ष्याच्या शेपटीच्या पिसाची प्रसिद्ध निम्फ (पाण्याखालच्या किड्यासारखी बुडणारी फ्लाय) त्याची, ती तो दोऱ्याऐवजी अशाच बारीक तांब्याच्या तारेने बांधायचा म्हणजे वजनही आपोआप यायचं. फर हवी असेल तर सोसायटीतल्या एखाद्या कुत्र्याला थंडी संपताना कंगवा फिरवा, आतली मऊ लव निघते ती ठेवा, वरचे चरचरीत केस थोडेच. दोऱ्याला लावायला मेण. डोक्याला लावायला ट्रान्सपरंट नेलपॉलिश. बास.

बसायच्या आधी पंखा बंद. हे मी गंमत म्हणून सांगत नाही, मे महिन्यात ठाण्यात पंखा बंद करून बसणं म्हणजे काय ते मला माहीत आहे, पण पंख्याखाली पिसं घेऊन बसलात तर पुढचे दोन आठवडे वरणात लव सापडेल.

पहिली गोष्ट दोरा चढवणं. वाईसमध्ये गळ, दांडी आडवी सपाट, डोळा उजवीकडे (डावरे असाल तर सगळं उलट). आता डोळ्यामागे डोळ्याएवढी जागा मोकळी सोडून, आणि तुम्ही नवीन असाल तर दोन डोळ्यांएवढी, तिथे दोरा टेकवा, टोक डाव्या हातात, रीळ उजव्या हातात, आणि वरून पलीकडे, खालून अलीकडे असे वेढे आधीच्या वेढ्यावर चढवत मागे जा. पाचसहा वेढे झाले की टोक कापा, दोरा स्वतःच्या खाली स्वतः दबलेला असतो, गाठ लागत नाही. मग मुद्दाम एक काम करा, ताण वाढवत वाढवत दोरा तोडा. परत चढवा, परत तोडा. पाचसहा वेळा. दोरा कुठे तुटतो ते बोटांना कळलं की त्याच्या जरासं अलीकडे कायम काम करायचं. माझ्या सुरुवातीच्या फ्लाय सुटायच्या त्या याच्यामुळे, दोरा तुटेल या भीतीने मी इतका हळुवार गुंडाळायचो की मासा सोडा, नदीचं पाणीच त्या सोडवून टाकायचं.

आता पहिली फ्लाय, मोरपीस आणि मऊ पीस, १४ नंबरचा गळ. मला विचाराल तर फक्त हीच बांधायला शिकलात तरी तीर्थनवर उपाशी राहणार नाही. दोरा चढवून वळण सुरू होतं तिथपर्यंत मागे न्या, म्हणजे लोंबणारा बॉबिन बरोबर दाबलेल्या काट्याच्या वर यायला पाहिजे. तिथे बोटभर तार बांधा. तारेचं टोक एकाच जागी बांधून सोडू नका, दांडीच्या पूर्ण लांबीवर दोऱ्याखाली घ्या म्हणजे मध्ये खड्डा पडत नाही. मग मोरपिसाचे तीन तंतू, त्यांची टोकं फार नाजूक असतात, शेवटचा सेंटिमीटर कापून टाका आणि कापलेल्या बाजूने तिथेच बांधा. दोरा पुढे आणा, पण कुठपर्यंत? डोळ्यापर्यंत नाही! दांडीचा पुढचा पाव भाग मोकळा ठेवून तिथे थांबवा. तिन्ही तंतूंना एकत्र हलका पीळ द्या आणि गुंडाळत पुढे या, सहासात वेढ्यांत जाडजूड हिरवं पोट तयार होतं. दोऱ्याने तीन घट्ट वेढे मारून दाबा, उरलेलं कापा. आता तार उलट्या दिशेने, म्हणजे खालून पलीकडे, चारपाच मोकळ्या वेढ्यांत पुढे आणा. उलट्या दिशेने का, तर सरळ गुंडाळली तर ती तंतूंच्या खाचेत बुडते आणि काहीच धरून ठेवत नाही, उलटी गेली की प्रत्येक तंतूला आडवी बांधते. ट्राउटला बारीक दात असतात, तार नसेल तर मोरपीस दोन माशांत खलास. तार कात्रीने कापू नका, दोऱ्याने बांधल्यावर पकडून गोल गोल फिरवा, मुळाशी तुटते.

मग मऊ पीस. कोंबडीच्या मानेवरून असं निवडा की त्याचे तंतू गळाच्या तोंडाच्या दीड ते दोनपट लांब असतील, तोंड म्हणजे टोक आणि दांडी यातलं अंतर. बुडाची लव काढून टाका. पिसाचं टोक चिमटीत धरून बाकीचे तंतू उलटे मागे हात फिरवून सरकवा, टोकाचा छोटा त्रिकोण राहील, तो त्रिकोण पोटाच्या पुढे बांधा. पिसाच्या दांड्याला क्लिप लावा आणि दोन वेढे घ्या. दोनच. तिसरा घ्यायचा मोह होतो कारण दोन वेढ्यांत फ्लाय केविलवाणी दिसते, पण पाण्यात ते पंधरावीस तंतू श्वास घेतल्यासारखे हलतात आणि चार वेढे घेतलेत तर नुसता ब्रश दिसतो. प्रत्येक वेढ्याला तंतू मागे थोपटत जा. बांधा, कापा, तंतू तीन बोटांनी मागे ओढून धरून त्यांच्या मुळाशी दोऱ्याचे चारपाच वेढे, म्हणजे ते मागे झुकून राहतात.

शेवटची गाठ. इथे ते पेन. दोऱ्याचा एक फास पेनाच्या नळीवर घ्या, नळीचं तोंड गळाच्या डोळ्यावर टेकवा, फास नळीवरून सरकवून डोक्यावर उतरवा, ओढा. असं तीनदा. याच्यापेक्षा पक्की पद्धत पाहिजे तर आठ इंचाचा वेगळा दोऱ्याचा तुकडा दुमडून त्याचा फास डोक्याच्या बाजूने आडवा ठेवा, फासाचं तोंड डोळ्याकडे बाहेर निघालेलं, त्याच्यावर मूळ दोऱ्याचे पाच वेढे मारा, दोरा सहा इंच सोडून कापा, टोक फासात ओवा आणि फासाची मागची दोन टोकं ओढली की मूळ दोरा स्वतःच्याच वेढ्यांखालून निघून येतो. महाग अवजारं जे करतात ते हेच. मग सुईच्या टोकावर नेलपॉलिशचा एक थेंब, डोक्यावर. ब्रशने लावू नका. आणि ते ओलं असतानाच डोळ्यातून सुई नाहीतर पिसाचा दांडा आरपार फिरवा. डोळा बंद झाला तर गुशैनीला माझी जी शोभा झाली ती तुमचीही होईल.

पहिल्या पाच घाण होणार. सहावीपासून बरी. एका वेळी एकच प्रकार, सलग दहा तरी बांधा, नवशिक्या माणूस रोज नवीन पॅटर्न करायला जातो आणि एकही येत नाही.

दुसरी, मण्याची निम्फ. पाण्याखालचे किडे दगडाला चिकटून असतात, ट्राउटचं बहुतेक खाणं तिथेच खालीच होतं, आणि पहाडी नदीला उतार इतका की हलकी फ्लाय तळाला पोचायच्या आत दहा फूट पुढे वाहून जाते. म्हणून डोक्याला मणी. १४ नंबरला अडीच ते पावणेतीन मिलिमीटरचा. पितळी चालतो, टंगस्टन पितळेच्या दुपटीच्या आसपास जड पण महाग, मी अर्ध्या अर्ध्या ठेवतो. दागिन्यांच्या दुकानातले मणी मी ट्राय केले, भोक एकसारखं असल्यामुळे वळणावरून चढतच नाहीत, फ्लायच्या मण्याला एका बाजूला भोक मोठं असतं, छोटं भोक डोळ्याकडे ठेवून ओवायचा. इथे मणीच डोळ्याला टेकलेला असल्यामुळे जागा सोडायची ती मण्याच्या मागे, नियम तोच.

शेपटीला कोंबड्याच्या पिसाचे चारपाच तंतू, मागे तार, आणि मग फर. मेण लावलेल्या दोऱ्यावर फर चिमटीत धरून एकाच दिशेने पिळायची, पुढेमागे घासाल तर लावलेली तुम्हीच सोडवाल. किती घ्यायची? चिमटीत घ्या, अर्धी परत ठेवा, उरलेल्यातली अर्धी परत ठेवा, आता बरोबर. दोऱ्यावर फर म्हणजे दोरा जरा धुरकट दिसला पाहिजे, वात नाही व्हायला पाहिजे. मागे बारीक पुढे जाड असं पोट करत मण्यापर्यंत या, तार चार वेढे, मण्यामागे चिमूटभर जास्त फर, गाठ. जुन्या बॅगेच्या वेल्क्रोचा काटेरी तुकडा घेऊन पोटाच्या खालच्या बाजूने दोनदा ओढा, केस बाहेर येतात, ते पाय. दिसायला गटारातून काढल्यासारखी दिसते. मासे याच फ्लायला सगळ्यात जास्त लागतात, काय करणार.

तरंगणारी फ्लाय कठीण, पण मासा वर येऊन तोंड उघडताना दिसतो ते बघायला माणूस दोन दिवस प्रवास करतो. अमेरिकेतल्या अल ट्रॉथची एल्क हेअर कॅडिस (कॅडिस हा नदीवर उडणारा एक किडा) जगभर चालते, तिची रचना घ्यायची आणि केसांच्या जागी पॉलिप्रॉपिलीनचा धागा लावायचा. पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं असतं, नायलॉन आणि अ‍ॅक्रेलिकची लोकर दोन्ही बुडतात. दुकानदार सगळ्यालाच नायलॉन म्हणतो त्यामुळे त्याचं ऐकू नका, तुकडा घरी आणून बोटांनी चुरगाळून पाण्याच्या ग्लासात दाबा, परत वर आला तर घ्या. रेशमासारखे मऊ धागे असलेली दोरी हवी, चरचरीत नको. १२ नंबरचा बारीक तारेचा गळ, मागे तार बांधलेली, फरचं बारीक पोट दांडीच्या दोन तृतीयांशापर्यंत. कोंबड्याचं कडक पीस पोटाच्या पुढच्या टोकाला बांधून मागच्या दिशेने मोकळ्या वेढ्यांत न्यायचं, मागे पोचलं की तिथे असलेल्या तारेने एक वेढा मारून पकडायचं, आणि तार पिसांतून डावीउजवीकडे हलवत हलवत पुढे आणायची म्हणजे तंतू खाली दबत नाहीत. पिसाचे तंतू गळाच्या तोंडाच्या दीडपटीपेक्षा लांब नकोत, लांब झाले की फ्लाय एका अंगावर पडते. मग पांढऱ्या धाग्याची जुडी छपरासारखी वर बांधा, वळणाच्या जरा पुढे कापा, आणि पुढचा तुकडा डोळ्याच्या वर दोन मिलिमीटर ठेवून कापा. इथे जागा सोडलेली नसेल तर जुडी बांधायलाच मिळत नाही, फिरून डोळ्यावर जाते, आणि सगळ्या फ्लायमध्ये हिच्यातच लोक रडतात. पांढरा रंग माशासाठी नाही, फेसाळ पाण्यात तुम्हाला दिसायला.

बर्फ वितळून नदी गढूळ होते त्या दिवसांसाठी दोनतीन काळ्या वूली बगर (लांब शेपटीची केसाळ, बुडणारी फ्लाय) ठेवा, ८ नंबर, कोंबडीच्या बुडाशी जी फुलासारखी लव असते तिची दांडीएवढी शेपटी, काळ्या लोकरीचं पोट, वरून एक पीस गुंडाळलेलं. शिकलेल्याला दहा मिनिटांचं काम आहे, जास्त सांगत नाही.

बांधून झाल्यावर टेस्ट करा, नदी नाही म्हणून अडत नाही. तरंगणारी फ्लाय एक फुटावरून पाण्याच्या ग्लासात टाका, दहातून आठवेळा तरी बुडाशी पीस, वर पांढरं अशी बसली पाहिजे. निम्फ बाथरूमच्या बादलीत सोडा, दोन निम्फ शेजारी शेजारी सोडल्या की कुठली आधी तळाला जाते ते लगेच कळतं, ती वेगळ्या कप्प्यात. मऊ पिसाची फ्लाय दोराला बांधून बादलीत हळूहळू ओढा, पिसं मिटतात-उघडतात का बघा. घरच्यांनी बघितलं तर बघू दे.

ठेवण्याचं विसरू नका कारण ठाण्याचा पावसाळा. जूनमध्ये बंद केलेला डबा ऑगस्टमध्ये उघडला आणि सतरा फ्लायच्या डोळ्यांना गंज, असं माझं झालेलं आहे. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या, बुटांच्या खोक्यातल्या चालतात, आणि पिसांच्या डब्यात डांबरगोळी. नदीवर वापरलेली ओली फ्लाय थेट डब्यात परत ठेवायची नाही, टोपीला टोचा, सुकली की संध्याकाळी ठेवा, एक ओली फ्लाय पूर्ण कप्पा गंजवते.

हिमाचलात ट्राउटचा सीझन १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर बंद असतो, म्हणजे बांधायला थंडीचे चार महिने हक्काचे मिळतात. पाणी चांगलं मार्च-एप्रिलमध्ये आणि पाऊस संपल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरात. लायसन्स तिथल्या मत्स्य विभागाकडून घ्यायचं, ते पोचल्यावर पहिलं काम. चार दिवसांसाठी मी नेतो बारा निम्फ (दगडात अडकून याच सगळ्यात जास्त जातात), आठ मोरपिसाच्या, सहा तरंगणाऱ्या आणि तीन बगर, एका छोट्या डब्यात खिशात मावतं. वर चढून गेल्यावर बॅगेत वाईस असून उपयोग नसतो, तेव्हा प्रत्येक फ्लायचा डोळा घरीच ०.१५ मिलिमीटरचा दोर ओवून तपासा, आणि ज्यात दोर जात नाही ती तिथल्या तिथे बाजूला.

बाजूला ठेवलेल्या टाकून देऊ नका. जुन्या ब्लेडने दांडीच्या वरच्या बाजूने दोरा उभा चिरला की सगळं सालासारखं निघतं, गळ परत वापरायला तयार. हे करताना गळ वाईसमध्येच हवा, हातात नाही. आणि उठायच्या आधी टेबलाखाली लोहचुंबक फिरवा, मी जुन्या स्पीकरचा चुंबक झाडूच्या काठीला बांधून ठेवलाय. १४ नंबरचा गळ लादीवर अजिबात दिसत नाही आणि सकाळी कामवाल्या मावशी अनवाणी येतात.